रात्रीचा फोन कोण घेणार?



आज मी बोलणार आहे ते डॉक्टरांच्या घरात होणाऱ्या एका निवडीबद्दल. तुम्ही म्हणाल, आम्ही काही डॉक्टर नाही, आम्हाला त्याचं काय? पण तुमच्या तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता सिझेरियन होणार, की बाईला गाडीत घालून अकोल्याचा रस्ता धरावा लागणार, हे बरंचसं या निवडीवर ठरतं. म्हणून थोडं ऐका.

मुलगा किंवा मुलगी एमबीबीएस झाली की आपल्याला वाटतं, झाली डॉक्टर, सुटलो. खरी धाकधूक तिथून पुढे असते. नीट-पीजी नावाची परीक्षा असते. २०० प्रश्न, ८०० गुण, साडेतीन तास. तिचा क्रमांक लागला की एक फॉर्म समोर येतो आणि त्यात शाखा आणि कॉलेजं पसंतीच्या क्रमानं भरायची असतात. मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग, भूलशास्त्र, रेडिओलॉजी, त्वचारोग, मानसोपचार, पॅथॉलॉजी. त्या यादीत वर काय लिहिलं, यावर पुढची तीन वर्षं तर ठरतातच, पण पुढच्या तीस वर्षांच्या रात्रीही ठरतात. हा फॉर्म बहुधा पंचविशी-सव्विशीत भरला जातो. त्याच वयात घरात मुलीच्या लग्नाचं बघणं चालू असतं.

मी स्वतः भूलतज्ज्ञ आहे. आपल्याकडे 'भुलीचा डॉक्टर' म्हणतात. तीस वर्षं होत आली, वाशिममध्ये काम करते. मी आले तेव्हा वाशिम हे अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. १ जुलै १९९८ ला जिल्हा झाला. माझी मुलगी त्याच वर्षीची. त्यामुळे जिल्ह्याचं वय काढायचं असलं की मी मुलीचं वय काढते.

मला खरं तर सर्जरी हवी होती. इंटर्नशिपमध्ये हात चांगला चालायचा, सरांनीही तसं बोलून दाखवलं होतं. पण तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं आणि होणारा नवरा सर्जन. घरात बैठक बसली. माझे वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक, सासरे शेतकरी. दोन्ही माणसं सरळ मनाची. सासरे म्हणाले, "एकानं कापायचं, दुसऱ्यानं भूल द्यायची. जोडी जमली. आन् पोरीला वेगळा दवाखाना काढायला नको, बोलावलं की जायचं, काम झालं की घरी." वडिलांना ते पटलं. मलाही पटलं असं मी सांगितलं.

तेव्हा डीजीओ, डीसीएच, डीए असे दोन वर्षांचे डिप्लोमा असत. डिग्रीला तीन वर्षं लागायची, डिप्लोमाला दोन. लग्न ठरलेल्या मुलींना हे दोन वर्षांचं सोयीचं पडतं, असं सगळे म्हणत. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींनी गुण असून डिग्री सोडून डिप्लोमा घेतला. कॉलेजांतल्या त्यातल्या बहुतेक जागा आता डिग्रीत बदलल्यात. मी डीए घेतलं. घर सांभाळून होणारी शाखा म्हणून.

ही समजूत किती चुकीची होती, ते मला वाशिमला आल्यावर महिनाभरात कळलं. सर्जनला त्याच्या स्वतःच्या पेशंटसाठी उठावं लागतं. स्त्रीरोगतज्ज्ञाला त्याच्या. भूलतज्ज्ञाला गावातल्या सगळ्यांच्या पेशंटसाठी उठावं लागतं! गावात भूल देणारे दोघे-तिघेच, त्यातला एक लग्नाला गेलेला, एक आजारी. "बोलावलं की जायचं" हे सासऱ्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं, फक्त बोलावण्याची वेळ त्यात सांगितलेली नव्हती.

१९९९ च्या पावसाळ्यातली एक रात्र सांगते. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरची बाई, पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. एका खाजगी दवाखान्यात आणली होती. पाऊस धो-धो. माझा नवरा अकोल्याला गेलेला, सासूबाई गावी. मुलगी वर्षाचीसुद्धा नव्हती. फोन आला, "मॅडम, बाळाचे ठोके कमी होतायत." मुलीला गोधडीत गुंडाळली, रिक्षावाल्याला उठवलं आणि गेले. तिथल्या आयाबाईच्या हातात मुलगी दिली आणि आत शिरले. पाठीत सुई घालताना हात स्थिर लागतो. बाहेर माझी मुलगी रडत होती, आत ती बाई कण्हत होती. मी मनात आकडे मोजत होते, रक्तदाब, नाडी, औषधाचे मिली. बाळ निघालं ते निळंच. बालरोगतज्ज्ञ नव्हता, तेव्हा मीच बाळाच्या तोंडावर मास्क धरून श्वास दिला. एका हातानं आईची नाडी. दोन-अडीच मिनिटांनी ते बाळ रडलं. मग बाहेरची आणि आतली दोन्ही एकदम रडायला लागली. आयाबाई म्हणाली, "आता बरं झालं."

दुसऱ्या दिवशी नातेवाईक पेढे घेऊन आले. ते सिझेरियन करणाऱ्या डॉक्टरांना दिले, आणि ते योग्यच होतं. भूल देणाऱ्याचं नाव पेशंटला माहीत नसतं. पेशंट झोपतो तेव्हा आम्ही येतो आणि तो जागा होतो तेव्हा आम्ही पुढच्या दवाखान्यात असतो. आमच्या शाखेची प्रतिष्ठा ती एवढी.

आता प्रतिष्ठेचंच बोलू. आज कुठल्या शाखेला मान जास्त, हे नीट-पीजीच्या यादीत बघा. वरचे क्रमांक रेडिओलॉजीकडे जातात, त्वचारोगाकडे जातात, मेडिसिनकडे जातात. पूर्वी सर्जरी आणि स्त्रीरोगाला जी झुंबड असायची ती उतरली. त्याचं कारण उघड आहे. रेडिओलॉजिस्टला रात्रीचे फोन कमी, पैसा चांगला, आणि आता तर रात्रीचे सीटी स्कॅन घरी बसून संगणकावर वाचता येतात. अर्थात त्यालाही जाच आहे. मशीनचं कर्ज असतं, सोनोग्राफीच्या प्रत्येक फॉर्मची १९९४ च्या लिंगनिदान कायद्याखाली काटेकोर नोंद ठेवावी लागते. पण रात्री झोप मिळते. वरच्या क्रमांकाची मुलं झोप निवडतायत, याबद्दल त्यांना नावं ठेवायला मी धजणार नाही. मी तीस वर्षं जागलेय.

दुसऱ्या टोकाला अशा शाखा आहेत की ज्यांच्या जागा भरत नाहीत. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन वगैरे. जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून २०२३ मध्ये पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली होती. म्हणजे परीक्षेला बसलात एवढं पुरे!

आणि मधे आपला जिल्हा. मातामृत्यू टाळायचे तर ज्याला प्रथम संदर्भ रुग्णालय म्हणतात ते चोवीस तास चालावं लागतं. तिथे सिझेरियन व्हायला हवं, आजारी नवजात बाळ सांभाळता यायला हवं, रक्ताची सोय हवी. त्यासाठी लागतात स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ. नेमक्या या तीन शाखा रात्री झोपू देत नाहीत. भूलतज्ज्ञ मिळेनात म्हणून सरकारनं साध्या एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं भूल देण्याचं प्रशिक्षण सुरू केलं, यावरून टंचाई ओळखा. घराला जी शाखा सोयीची, ती गावाला फारशी उपयोगाची नाही, आणि गावाला जी हवी ती घराला झेपत नाही, असा हा पेच आहे. २०१८ मध्ये नीती आयोगानं देशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद यांच्याबरोबर वाशिमही होतं. आकांक्षित जिल्हा म्हणे. आकांक्षा आहेच, माणसं हवीत.

एक अपवाद मला नेहमी सांगावासा वाटतो. मानसोपचार. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात आपण होतो. इथे मनाच्या डॉक्टरची गरज किती, हे वेगळं सांगायला नको. रात्रीचे फोन त्यातही येतात, पण आमच्याइतके नाहीत. ओपीडी दिवसा, घर संध्याकाळी. तरी मुलं कचरतात, कारण घरचे म्हणतात, "वेड्यांचा डॉक्टर होतोस का?" एका चांगल्या मुलानं माझ्यासमोर ही शाखा एवढ्याच कारणानं सोडली. त्याच्या आजीला ते बरं वाटलं नसतं म्हणे. आजीला विचारलं होतं की नाही, कोण जाणे.

आपल्या अमरावती विभागातलंच एक उदाहरण सांगते. डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली, त्यामुळे नाव तुम्ही ऐकलं असेल. मूळ शेगावचे, नागपूरहून एमबीबीएस झाले आणि मेळघाटात बैरागडला गेले. तिथे काम करताना त्यांना कळलं की आपल्याला अजून शिकायला हवं. परत येऊन त्यांनी एमडी केलं, पण शाखा कुठली? प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र. आमच्या कॉलेजांत या शाखेला कुणी विचारत नसे. 'काही नाही मिळालं की पीएसएम' असं म्हणायचे. कोल्ह्यांनी आधी गाव पाहिलं, मग शाखा पाहिली. आमचं सगळ्यांचं उलटं असतं.

पण मला त्या गोष्टीतला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. लग्नासाठी त्यांनी अटी घातल्या होत्या. चाळीस किलोमीटर चालायची तयारी हवी, पाच रुपयांत नोंदणी लग्न, महिन्याला चारशे रुपयांत संसार, आणि लोकांसाठी वेळ पडली तर भीक मागायची तयारी. बऱ्याच मुलींनी नकार दिला. स्मिताताईंचा नागपुरात होमिओपॅथीचा चांगला चाललेला दवाखाना होता, तो सोडून त्या गेल्या. त्यांनी काय सोडलं याची मोजदाद व्हायला हवी, ती आपण पुरेशी करत नाही, असं मला वाटतं. तरी एक मात्र खरं, त्यांना सगळं आधी सांगितलेलं होतं. चारशे म्हणजे चारशे. आमच्या घरच्या बैठकीत रात्रीच्या फोनाचा उल्लेखही झाला नव्हता. लपवायचं कुणाच्या मनात नव्हतं, कुणाला माहीतच नव्हतं.

आता माझ्या मुलीकडे येते. एमबीबीएस झाल्यावर तिनं बंधपत्राचं एक वर्ष एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. सरकारी कॉलेजात शिकलेल्यांना ते करावं लागतं, नाहीतर दहा लाख दंड. पीजीनंतर पुन्हा एक वर्ष, तिथे दंड पन्नास लाखांचा. २०२४ ची नीट-पीजी ती दुसऱ्यांदा बसली आणि क्रमांक बरा आला. दोन दारं उघडी होती. लांबच्या एका खाजगी कॉलेजात रेडिओलॉजी, तीही भरमसाट फी भरून. नाहीतर विदर्भातच सरकारी कॉलेजात स्त्रीरोग.

मी तिला काय सांगितलं असेल? तुम्हाला वाटेल, एवढं बोलणारी बाई म्हणाली असेल, बाई गं, जिल्ह्याला गरज आहे, स्त्रीरोग घे. मी म्हटलं, रेडिओलॉजी घे. मंगरूळपीरकडचं दोन एकर विकू, कर्ज काढू, पण तू रात्री झोप. तिचे बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांना शेत विकायचं नव्हतं की तिला सर्जन झालेली बघायचं होतं, ते अजून सांगत नाहीत.

ती म्हणाली, "आई, मला अंधाऱ्या खोलीत चित्रं नाही बघायची. मला बाळंतपणं करायचीत." मी म्हटलं, "तू लहान होतीस, तुला आठवत नाही." ती म्हणाली, "मला दवाखान्याच्या ऑफिसातलं बाकडं आठवतं. दप्तराची उशी करून झोपायचे मी." त्यावर मला बोलता आलं नाही.

त्याच सुमारास तिच्या लग्नाचंही चाललं होतं. मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत. भला मुलगा. त्याच्या आईनं विचारलं, "रात्रीची ड्युटी किती वर्षं असेल?" प्रश्न रास्त होता, मी विचारला असता. मी सांगितलं, "तीन वर्षं कॉलेजात, नंतर जन्मभर." मग मी विचारलं, मुलाच्या कामाची वेळ काय? अमेरिकेच्या वेळेप्रमाणे. म्हणजे रात्री अकरा-बारापर्यंत रोजच्या मीटिंगा. तो गेली चार वर्षं रात्री जागत होता आणि त्याला कुठल्याच मुलीच्या आईनं विचारलं नव्हतं की घर कसं सांभाळशील. आम्ही दोघी विहिणी एकमेकींकडे बघून हसलो. बैठक बिघडली नाही, उलट तिथून सुधारली.

मग मी बसून कागदावर लिहून दिलं. सगळ्यांनी लिहावं असं मला वाटतं, म्हणून सांगते. केंद्र सरकारच्या १९९२ च्या पत्रात निवासी डॉक्टरला सलग बारा तासांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये असं लिहिलंय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत मात्र 'वाजवी तास' एवढंच आहे. अठ्ठेचाळीस मोजता येतात, वाजवी कसं मोजायचं? प्रत्यक्षात पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर सलग चोवीस काय, छत्तीस तासही उभा असतो. वर्षाला वीस दिवस किरकोळ रजा, आठवड्याला एक सुट्टी, ती मिळाली तर. बाळंतपणाची रजा मिळते, पण ठरल्या रजेपेक्षा जास्त दिवस गेले तर अभ्यासक्रम तितका लांबतो. पहिल्या वर्षी सणवार नाही, घरच्या लग्नाला येणं नाही, फोन उचलला नाही तर रागवायचं नाही. हा कागद मी व्याह्यांकडे दिला. ते बँकेत होते, त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "अटी स्पष्ट आहेत."

लग्न एक वर्ष पुढे ढकललं. मुलानं कंपनीकडून घरून काम करायची परवानगी काढली आणि तिच्या कॉलेजच्या गावी खोली घेतली. त्याला कुकर लावता येत नव्हता, आता येतो. पोळ्या बाहेरून आणतात. त्याच्या मित्रांत त्याला काहीबाही बोलतात म्हणे, 'बायकोच्या मागं गेला.' माझी आई तर अजून विचारते, "जावयाची नोकरी गेली का गं?"

सगळं गोडीगुलाबीचं झालंय असं मात्र समजू नका. पहिल्या वर्षाच्या तिसऱ्या महिन्यात पोरीनं पहाटे फोन केला आणि म्हणाली, "सोडून देते, दंड भर." तीन दिवस अंघोळ नव्हती. वॉर्डात एका बाटलीत दोघींनी मिळून पाणी प्यायचं. तिच्याबरोबरची एक मुलगी तर खरंच सोडून गेली. हुशार होती, तिच्या नवऱ्याची बदली झाली, त्यात घरी तान्हं मूल. तिची जागा त्या वर्षी तशीच राहिली. त्या मुलीला कुणी कागद लिहून दिला नसेल असं मी म्हणत नाही. कागदानं सगळं भागतं असंही नाही. वॉर्डात माणसंच कमी असली तर घरच्यांनी कितीही समजून घेतलं तरी मुलं मोडतात. ते काम सरकारचं आणि कॉलेजांचं आहे, सासूचं नव्हे.

मी तेव्हा तिला सोड असंही म्हटलं नाही आणि सोडू नको असंही नाही. म्हटलं, आधी आठ तास झोप, मग फोन कर. तिनं अकरा तासांनी केला. लेबर रूममधून. घाईत होती.

आता आपल्याकडे वाशिमला सरकारी मेडिकल कॉलेज झालंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नवी कॉलेजं एकदम सुरू झाली, त्यातलं एक. शंभर जागा. त्यातली मुलं-मुली कधी कधी रस्त्यात भेटतात, पांढरे कोट हातावर टाकून चहा पीत असतात. त्यांची पहिली तुकडी साधारण २०३० मध्ये त्याच फॉर्मसमोर बसेल. परवा त्यातल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, लेडीजसाठी कुठली ब्रँच चांगली?" तिच्या शेजारी तिचा वर्गमित्र उभा होता. मी त्याला विचारलं, "तुझ्यासाठी कुठली चांगली?" तो म्हणाला, "मी अजून विचार केला नाही, मॅडम." मी म्हटलं, दोघं मिळून करा. त्यांचा तसा काही विषय नव्हता बहुतेक, दोघंही लाजले आणि माझी पंचाईत झाली.

माझी मुलगी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत दोन दिवस आली होती, जावईही होता. पहिल्याच रात्री पावणेतीनला माझा फोन वाजला. मी उठेपर्यंत ती दाराशी उभी. "सिझेरियन आहे का? मीही येते," म्हणाली. मी म्हटलं, "सुट्टी आहे ना तुझी? झोप." ती चप्पल घालत होती. जावई डोळे चोळत बाहेर आला, त्यानं गाडीच्या काचेवरचं दव पुसलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. आम्ही गेलो. परत आलो तेव्हा उजाडलं होतं आणि घरात तिघांचा चहा गॅसवर होता, जरा जास्त उकळलेला.

पीजी झाल्यावर ती वाशिमला येईल का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.